पाव आण्याचं कार्ड

कार्ड लिहायचं म्हणजे इकडे आधी बोरू नाही, टाक;
नवी निभ दिव्यावर जराशी शेकायची,
मग लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायचं.
मी दिवा पुढे सरकवते.
आता रॉकेलचा आला आहे,
पण हात अजून समईच्या सवयीनं वात चाचपतो.

'राजमान्य राजश्री रावसाहेब, मुक्काम धारवाड,
कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.'
एवढ्यातच कार्डाचा एक काठ संपतो.

मग सातारचं वर्तमान.
डबीर मुनसफांची बदली धुळ्यास झाली,
पानसुपारीला दीडशे मंडळी, अत्तर कमी पडलं.
पिंगळे डॉक्टरांचा मधला म्याट्रिकला
पुन्हा इंग्रजीतच अडला.
वाठारपर्यंत आगगाडी येते आहे,
तेव्हा पुणं आता हाकेवर.
वाचनालयात इकडून निबंध वाचणं झालं,
विषय 'वेळेचा सदुपयोग'.
भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, म्हणून अडीच तास चालला,
हे कार्डात नाही.
मी चिकाच्या पडद्याआड मांडी बदलत मोजलं.
मामलेदारीणबाई बूट घालून माहुलीला गेल्या,
पाय धुवायला काढले, ते कृष्णेनं नेले,
हेही नाही. गाव म्हणालं, नदीला कळतं.

आणि अगदी खाली,
जिथे अक्षर मुंगीएवढं होतं,
"बाकी सर्व क्षेम,"
हे जरा हळू वाचणं झालं.

मग कार्ड माझ्याकडे फिरलं.
कडेला दोन बोटं जागा.
"वन्संना काय कळवायचं ते लिही. ओळ सरळ धर."

कार्डाला पाकीट नसतं.
टपालवाला वाचतो, तिकडचा गुमास्ता वाचतो,
रावसाहेब तर पंगतीत वाचून दाखवतात,
ताकभात कालवता कालवता.
वन्सं, तुम्ही माझा क गिरवून घेतलात
तो निवडायच्या तांदळात.
पाऊल वाजलं की ताट हलवायचं,
क जायचा, तांदूळ राहायचे.
कुणाला काही दिसलं नाही कधी.

हे ताट हलवता येत नाही.
म्हणून लिहिलं:
पाळणा पोंक्ष्यांना परत दिला.
दोर आपले होते, ते ठेवले.
दुख फार नाही.

इकडून कार्ड घेणं झालं, चष्मा चढवणं झालं.
पाळण्यावरून नजर गेली,
दोरावरून गेली,
'दुख'वर टाक थांबला.
"विसर्ग राहिला."
एकाखाली एक दोन टिंबं,
गोल, नेमकी, छापल्यासारखी.
वरून टीपकागद दाबला.
"आता शुद्ध झालं."
आणखी काही बोलायचं असावं, घसा साफ करणं झालं.
मग पगडी, उपरणं, काठी.
वाचनालयाची वेळ झाली होती,
किंवा व्हायची होती.

सकाळी गड्याच्या हाती देण्याआधी
कार्ड उजेडाला धरलं.
वाचायला शिकलेल्या बाईला हा एक नाद लागतो,
वाण्याची पुडीसुद्धा उलगडून बघते.
किल्ल्याची सावली अजून अंगणातच होती.
आठ वर्षांत ज्या हातानं
माझी एक वेलांटी माफ केली नाही,
त्या हाताचं, अगदी खाली, मुंगीएवढं:
'बाकी सर्व क्षम.'

मात्रा नव्हती.
मी पुन्हा पाहिलं. नव्हती.

टाक तिथेच होता, दौतही उघडी.
गडी दारात उभा राहून विचारत होता,
झालं का लिहून?

झालं, म्हटलं,
आणि कार्ड होतं तसं दिलं.